विम्याचा आकडा खरा कोण ठेवतो? सी. डी. देशमुखांची गोष्ट

शहापूरजवळच्या तानसा तलावात किती पाणी आहे, हे पावसाळ्यात मुंबईकर रोज मोबाईलवर बघतात. १८९२ मध्ये पूर्ण झालेलं हे धरण किती भरलंय, ते मुंबईत बसून दिसत नाही. मोजणाऱ्याने दिलेल्या आकड्यावरच विश्वास ठेवायचा.

विम्याचंही तसंच आहे. ॲपमध्ये वय टाकलं की हप्ता समोर येतो. पण ३० वर्षांनी सगळ्यांचे क्लेम द्यायला पैसे पुरतील का? हे मोजणाऱ्या तज्ज्ञाला ॲक्चुअरी, म्हणजे विमागणिती म्हणतात. मालकाला सोयीचा आकडा हवा असेल, तर त्याने काय करायचं? हा पेच समजायला सी. डी. देशमुखांचं आयुष्य बघूया. ते स्वतः ॲक्चुअरी नव्हते, पण प्रश्न त्यांच्या टेबलावर आला होता.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावातला. मॅट्रिकला पहिले, केंब्रिजमध्ये विज्ञानाचं शिक्षण, १९१८ मध्ये आयसीएस परीक्षेतही पहिले. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री.

तेव्हा आयुर्विमा खाजगी कंपन्यांच्या हातात होता. ॲक्चुअरीकडून ठरावीक वर्षांनी हिशोब करून घेणं कायद्याने सक्तीचं होतं. तरीही काही मालक लोकांच्या हप्त्यांचा पैसा स्वतःच्या धंद्यात फिरवायचे. कंपनी बुडाली की पॉलिसीधारकही बुडायचा. म्हणजे आकडा काढणारा असून भागत नाही, त्याचं ऐकलंही जायला हवं.

देशमुखांनी गुप्तता पाळून तयारी केली. १९ जानेवारी १९५६ ला वटहुकूम निघाला आणि २४५ विमा संस्थांचा कारभार सरकारकडे आला. त्याच वर्षीच्या एलआयसी कायद्यात दोन गोष्टी ठरल्या: निदान दर दोन वर्षांनी ॲक्चुअरीकडून मूल्यांकन, आणि शिल्लक राहणाऱ्या रकमेतला किमान ९५ टक्के वाटा पॉलिसीधारकांना.

१ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी सुरू झाली, तेव्हा देशमुख मंत्री नव्हते. मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय पटला नाही, म्हणून जुलैमध्येच त्यांनी राजीनामा दिला होता.

पण सरकारी मालकी आली म्हणून दबाव संपला का? नाही. १९५७ मध्ये एलआयसीने गुंतवणूक समितीला न विचारता हरिदास मुंदडाच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर घेतले. न्यायमूर्ती छागलांनी उघड चौकशी केली आणि १९५८ मध्ये तेव्हाच्या अर्थमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. पुढच्याच वर्षी देशमुखांनी सत्तेतल्या भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी कायमस्वरूपी, निःपक्ष न्यायाधिकरण मागितलं. ते मिळालं नाही. २ ऑक्टोबर १९८२ ला त्यांचं निधन झालं.

आज प्रत्येक आयुर्विमा कंपनीला ॲक्चुअरी नेमावाच लागतो. २००६ च्या ॲक्चुअरी कायद्यानुसार गैरवर्तन केलं तर त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. पण मालक खाजगी असो की सरकार, गैरसोयीचा आकडा सांगायची हिंमत कायदा देत नाही. ती माणसाकडेच असावी लागते, आणि वेळ आली तर खुर्ची सोडायची तयारीही.