मोजायचे कुठून?

संक्रांत आली की सोलापुरात नंदीध्वज निघतात, गड्ड्याची जत्रा भरते. संक्रांत म्हणजे उत्तरायणाचा आरंभ, असे आपण सहज म्हणतो. पण सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरलाच! मधल्या तीन आठवड्यांचा हा हिशेब ज्यांनी मराठी माणसापुढे मांडला, त्यांत केरो लक्ष्मण छत्रे अग्रभागी होते.

केरूनानांचा जन्म १८२४ सालचा, अलिबागजवळच्या नागावचा. तरुणपणी ते मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत होते. पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. पंचांगातले ग्रह आकाशातल्या ग्रहांशी जुळेनासे झाले होते. केरूनानांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ काढला आणि १८६५ पासून नवे पंचांग सुरू केले. पटवर्धनी पंचांग ते हेच.

ग्रहांची गणिते सुधारली. पण मोजायचे कुठून, हा प्रश्न उरला. पृथ्वी अगदी गोल असती तर तो उद्भवलाच नसता. ती विषुववृत्तावर फुगीर आहे. तिथली त्रिज्या ध्रुवांकडच्यापेक्षा सुमारे २१ किलोमीटरनी जास्त. त्या फुगवट्याला सूर्य-चंद्र तिरके ओढतात आणि पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो. एका फेऱ्याला सुमारे २६,००० वर्षे लागतात. त्यामुळे वसंतसंपात ताऱ्यांमधून दर ७२ वर्षांना एक अंश मागे सरकतो. संपातापासून मोजले ते सायन, ठरावीक ताऱ्यापासून मोजले ते निरयन. दोहोंतला फरक म्हणजे अयनांश. तेवढे वजा केले की सायनाचे निरयन होते. ग्रह जागचा हलत नाही, आकडा तेवढा बदलतो. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे लगेच पटते: खातेवही बदलली म्हणून शिल्लक बदलत नाही.

पण सण आकड्यावर ठरतात! केरूनानांनी आरंभ धरला तो रेवती नक्षत्रातल्या एका अंधूक ताऱ्यापासून. त्यामुळे त्यांचे अयनांश रूढ पंचांगांपेक्षा सुमारे चार अंशांनी कमी आले आणि संक्रांत चारेक दिवस अलीकडे आली. अधिक महिनाही कधी कधी निराळा येऊ लागला. बहुसंख्य घरांनी हा बदल स्वीकारला नाही.

१८८४ साली केरूनाना गेले. त्यांची पद्धत टिळक पंचांगाने पुढे चालवली. त्या पंचांगात आजही संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. इतरांची १४ किंवा १५ जानेवारीला. दोन्ही गणिते आपापल्या जागी बिनचूक आहेत. सूर्य कुठे आहे ते गणित सांगेल; तिळगूळ कोणत्या दिवशी वाटायचा, ते मात्र माणसांनी एकत्र बसूनच ठरवायचे असते.