उस्मान हमदी बे : एका घराण्याने जोपासलेली कलाशाळा

वाचकहो, शिक्षणसंस्था काढणारी माणसे पुष्कळ असतात. आपल्यामागे ती सांभाळणारी माणसे ठेवून जाणारी थोडी. इस्तंबूलचे उस्मान हमदी बे हे त्या थोड्यांपैकी एक होत.

त्यांचा जन्म १८४२ सालचा. वडील इब्राहिम एदहेम पाशा लहानपणी गुलाम म्हणून इस्तंबूलला आले, पॅरिसला खाणशास्त्र शिकले आणि पुढे १८७७ साली उस्मानी सल्तनतीचे वजीरे-आझम झाले. केवळ विद्येच्या बळावर माणूस कोठून कोठे पोहोचतो, याचा हा दाखला मुलांच्या डोळ्यांसमोरच होता.

पित्याने उस्मान हमदींना १८६० साली कायदा शिकण्यासाठी पॅरिसला पाठविले. तेथे त्यांचे मन चित्रकलेत रमले. परतल्यावर त्यांनी सरकारी चाकरी केली, पण हातातला कुंचला सोडला नाही. १८८१ साली ते शाही वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख झाले. १८८४ च्या कायद्याने प्राचीन वस्तू परदेशी नेण्यास बंदी झाली, त्यामागे तेच होते. १८८७ साली सैदा येथील उत्खननातून त्यांनी सिकंदराच्या नावाने प्रसिद्ध असलेली शवपेटी मिळविली.

परंतु, वाचकहो, त्यांचे खरे धाडस वेगळेच होते. मनुष्याकृती काढण्या-घडविण्याबद्दल समाजात अढी असतानाच्या काळात त्यांनी चित्रकला, शिल्पकला व वास्तुकला शिकविणारी ‘सनाई-इ नफीसे मक्तब’ ही शाळा उभारली. १८८३ च्या मार्च महिन्यात ती सुरू झाली तेव्हा विद्यार्थी होते अवघे वीसच्या आसपास. शिक्षक निवडताना त्यांनी धर्म पाहिला नाही, हुन्नर पाहिला. शिल्पकला शिकविणारे ओस्गान एफेंदी आर्मेनियन होते, तर चित्रकलेचे व्हालेरी इटालियन. शाळेची धुरा त्यांनी १९१० साली मृत्यू येईपर्यंत वाहिली.

मग शाळा बंद पडली काय? नाही. धाकटे बंधू हलील एदहेम यांनी संग्रहालय आणि शाळा दोन्हींचा भार उचलला. त्यांच्याच काळात, १९१४ साली, इस्तंबूलमध्ये मुलींसाठी स्वतंत्र कलाशाळा निघाली. पुढे याच घराण्यातील वास्तुविशारद सेदाद हक्की एल्देम यांनी १९३० पासून सुमारे अर्धशतक तेथे वास्तुकला शिकविली आणि जुन्या तुर्की घरांच्या अभ्यासाची गोडी विद्यार्थ्यांना लावली. वीस मुलांची ती शाळा आज मिमार सिनान ललितकला विद्यापीठ म्हणून नांदते आहे.

१९०६ साली उस्मान हमदींनी काढलेले एक चित्र विख्यात आहे. हाती बासरी घेतलेला एक वृद्ध पायाशी असलेल्या कासवांना शिकवीत उभा आहे. कासवे काही घाईने चालत नाहीत. शिकविणाऱ्याने किती धीर धरावा, हेच जणू ते चित्र सांगते.

आपल्या संस्थांतही कोणी तरी पहिली वीट ठेवली आहे. तिचे नाव फलकावर राखणे सोपे असते. घरातल्या पुढच्या पिढीला त्या कामाची गोडी लावणे कठीण असते. वाचकहो, आपल्या घरातून या कामाला पुढे कोण येणार, हा प्रश्न आज आपण स्वतःला विचारू या.