'शिरोडकर टाक्या'चे जनक

आखाडा बाळापूर : या परिसरातील एखादी गर्भवती चौथ्या महिन्यात शहरातल्या दवाखान्यातून परतली, की पिशवीच्या तोंडाला टाका घातल्याचे घरात कुजबुजत सांगितले जाते. तिच्या कागदावर मात्र बहुधा एकच शब्द असतो, शिरोडकर. तो दोऱ्याचा प्रकार असावा, औषध कंपनी असावी, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते गोव्यातील शिरोडे गावावरून आलेले एका मराठी शल्यविशारदाचे आडनाव आहे.

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ साली झाला. शालेय शिक्षण हुबळीत आणि वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात घेऊन १९२७ मध्ये त्यांनी स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात एम. डी. पदवी मिळविली. १९३१ मध्ये इंग्लंडची एफ. आर. सी. एस. पदवी घेऊन ते मुंबईस परतले. जे. जे. रुग्णालयात त्यांनी सेवा केली आणि १९४० पासून ग्रँट महाविद्यालयात ते प्राध्यापक होते.

त्या काळी काही स्त्रियांचा गर्भ दर खेपेस चौथ्या ते सहाव्या महिन्यात पडत असे. फारशा कळा येत नसत, गर्भात दोष आढळत नसे. दोष बाईच्या नशिबाला दिला जाई, क्वचित तिच्या चालीरीतींनाही. सासरी याचा अर्थ काय होत असे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. गर्भाशयाचे मुख म्हणजे एक अरुंद नळी. गर्भाचा भार वाढला तरी तिने प्रसूतीपर्यंत मिटून राहावे लागते. ती अकाली सैल झाली की गर्भ निसटतो. डॉ. शिरोडकरांनी उपाय या नळीतच शोधला.

मूत्राशय किंचित वर सारून, गर्भाशयमुखाच्या आतल्या तोंडाच्या पातळीवर त्यांनी सभोवार एक पट्टी आवळली. ही पट्टी प्रारंभी रुग्णेच्याच मांडीतील स्नायूंवरच्या आवरणातून काढलेली असे. पुढे कृत्रिम फीत आली. नळी पूर्ण बंद करायची नाही, केवळ अरुंद करायची, ही यातली खरी मेख. ही पद्धत त्यांनी १९५५ मध्ये मद्रासच्या 'अँटिसेप्टिक' या नियतकालिकात मांडली. तेव्हा ते ५६ वर्षांचे होते.

दोनच वर्षांनी ऑस्ट्रेलियातील डॉ. इयान मॅक्डोनाल्ड यांनी पिशवीची नाडी ओढावी तसा सोपा टाका सुचविला. मूत्राशय वर सारण्याची गरज नसल्याने तो अधिक प्रचलित झाला. आपल्याकडे मात्र मॅक्डोनाल्ड पद्धतीचा टाकाही बोलताना सर्रास शिरोडकर टाका ठरतो! तो सरसकट घालायचा नसतो, हेही आता स्पष्ट झाले आहे. आधीचे गर्भपात आणि सोनोग्राफीत दिसणारी गर्भाशयमुखाची लांबी पाहून डॉक्टर निर्णय घेतात आणि साधारण ३७ व्या आठवड्याच्या सुमारास टाका काढतात.

अंग बाहेर येण्याच्या विकारावरील आणि बीजवाहिन्यांच्या दुरुस्तीच्या शस्त्रक्रियांतही डॉ. शिरोडकरांचे काम मोठे आहे. त्यांचा ग्रंथ १९६० मध्ये एडिंबरा येथून प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७१ मध्ये पद्मविभूषण जाहीर झाले, आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाची पुढची कथा संकेतांकांच्या कोष्टकांत घडली. अमेरिकेतील रुग्णालयांच्या बिलांसाठी प्रत्येक शस्त्रक्रियेला संकेतांक द्यावा लागतो आणि हे काम करणारे अनेक तरुण पुण्या-मुंबईतही आहेत. तेथील जुन्या यादीत ६७.५९ या क्रमांकाखाली शिरोडकर शस्त्रक्रिया नावानिशी होती. १ ऑक्टोबर २०१५ पासून तेथे नवी प्रणाली लागू झाली. तिच्यात व्यक्तिनामांना थारा नाही. नळीसारख्या अवयवावर नेमके काय केले, एवढेच विचारले जाते. नळी रुंद केली, अरुंद केली, पूर्ण बंद केली की तिला वळणमार्ग दिला, असे चार प्रकार. शिरोडकर टाका 'अरुंद करणे' या प्रकारात जातो आणि मॅक्डोनाल्डचाही त्याच रकान्यात. त्यामुळे डॉक्टरांच्या टिपणात केवळ शिरोडकर असे लिहिलेले असेल, तर या माणसाने नेमके काय केले होते, हे संकेतांक देणाऱ्याला ठाऊक असावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये मान्यता दिलेल्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत मात्र हे नाव टिकून आहे. गर्भाशयमुख सैल असलेल्या गर्भवतीच्या देखभालीचा तेथील क्रमांक ओ ३४.३ असून त्याखालील नोंदीत शिरोडकर टाक्याचा उल्लेख आहे.