रसगुल्ल्याचे जनक नवीनचंद्र दास

स्मरणिकेत चरित्र द्यावयाचे ते राजे, सेनानी अथवा संतमहंत यांचे, असा प्रघात आहे. यंदा मात्र आम्ही ज्ञातिबांधवांपुढे अशा एका पुरुषाचे चरित्र ठेवीत आहोत, की ज्याने आपली सारी कीर्ती चुलीपाशी उभे राहून मिळविली. ते पुरुष म्हणजे कलकत्त्याचे सुप्रसिद्ध मिठाईवाले नवीनचंद्र दास होत.

नवीनचंद्रांचा जन्म १८४५ साली कलकत्त्यास झाला. घराणे साखरेच्या व्यापाऱ्यांचे. परंतु पितृछत्र फार लवकर हरपले आणि घरची स्थिती खालावली. साखरेची घाऊक विक्री करणाऱ्यांच्या या वंशजाने तरुणपणीच कढई व झारा हाती घेतला. १८६४ साली जोडासांको भागात काढलेले पहिले दुकान चालले नाही. तरीही खचून न जाता दोन वर्षांनी त्यांनी बागबाजार येथे दुसरे दुकान थाटले.

आपल्याकडे दूध नासले की गृहिणी हळहळते. पेढ्याबर्फीस आपण खवा वापरतो. बंगाल्यांत मात्र दूध मुद्दाम नासवून त्याचा छाना काढतात व त्यावरच त्यांची बहुतेक मिठाई उभी आहे. त्या काळी कलकत्त्यात मान संदेशाचा होता. तो कोरडा असतो. छान्याचीच, परंतु रसाने भरलेली मिठाई करावी, असा ध्यास नवीनचंद्रांनी घेतला. छान्याचे गोळे उकळत्या पाकात सोडले की फुटून जात. अनेक प्रयोगांनंतर छान्यात थोडा रवा मिसळून ते गोळे अखंड राखण्यात त्यांना यश आले. ते साल १८६८ होय.

आरंभी गिऱ्हाईक थोडे होते. भगवानदास बागला नामक धनिक व्यापाऱ्याची बग्गी एकदा दुकानापाशी थांबली. तहानलेल्या मुलास नवीनचंद्रांनी पाण्याबरोबर रसगुल्ला दिला. तो पित्यासही इतका आवडला की त्याने पुष्कळ माल घेतला व नाव शहरभर झाले, अशी आख्यायिका आहे. आपली कृती त्यांनी दडवून न ठेविता इतर हलवायांनाही शिकविली, असेही सांगतात.

येथे एक गोष्ट नमूद करणे न्यायाचे होईल. रसगुल्ला आपलाच व तो जगन्नाथपुरीच्या परंपरेतील, असे ओडिशाचे म्हणणे आहे. भौगोलिक मानांकन बंगालच्या रसगुल्ल्यास २०१७ साली व ओडिशाच्या रसगुल्ल्यास २०१९ साली मिळाले. तथापि लुसलुशीत, पांढराशुभ्र कलकत्ता रसगुल्ला लोकप्रिय करण्याचे श्रेय नवीनचंद्रांकडे जाते, हे सर्वमान्य आहे.

१९२५ साली ते निवर्तले. पुत्र कृष्णचंद्र यांनी धंदा वाढविला आणि १९३०च्या सुमारास रसगुल्ला हवाबंद डब्यांतून दूरदूरच्या गावी जाऊ लागला. के. सी. दास हे नाव त्यांच्यावरूनच पडले.

आज आपल्या ज्ञातीतील अनेक तरुणांना वडिलांच्या दुकानात बसण्याचा संकोच वाटतो, आणि धंद्याचा जिन्नस बाहेर सांगू नये अशी वडीलधाऱ्यांची समजूत असते. नवीनचंद्रांनी हातच्या कामाची लाज धरली नाही व विद्या कुलूपबंदही केली नाही; तरी त्यांचे घराणे बुडाले नाही, उलट नावारूपास आले. कोणताही धंदा हलका नसतो; तो हलक्या मनाने केला म्हणजे हलका होतो. मुलाबाळांनी एवढे ध्यानी धरले तरी हे चरित्र छापल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.