न सांगितलेले नाव

लंडनच्या व्हाइटहॉल भागात ‘कॉकपिट’ नावाची एक जागा होती. फार पूर्वी तेथे कोंबड्यांच्या झुंजी लागत, म्हणून हे नाव पडले. २९ जानेवारी १७७४ रोजी तेथे इंग्लंडच्या राजाचे तीसहून अधिक सल्लागार जमले होते. दालन खच्चून भरले होते. मखमली पोशाखातले अडुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ एका बाजूला उभे होते आणि सॉलिसिटर जनरल अलेक्झांडर वेडरबर्न जवळजवळ तासभर त्यांची सालटी काढत होते. हा माणूस दुसऱ्यांची खासगी पत्रे पळवणारा चोर आहे, याला कोणी उंबऱ्याच्या आत घेऊ नये, असा एकंदर सूर होता. सरदार मंडळी खदाखदा हसत होती. त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी एक शब्दही उच्चारला नाही.

हे गृहस्थ म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. शाळेच्या पुस्तकात आपल्याला भेटतात ते पतंगवाले फ्रँकलिन. आकाशातली वीज आणि प्रयोगशाळेतली वीज एकच, असे सांगणारे, इमारतींवर तांबी-लोखंडी सळई बसवून वीज जमिनीत उतरवणारे. पण हा माणूस मुळात छापखान्यातला. कॉकपिटमधले त्यांचे ते मौन समजून घ्यायचे, तर त्यांच्या लहानपणापासून सुरुवात करावी लागते.

१७०६ साली अमेरिकेतील बोस्टन गावी, साबण आणि मेणबत्त्या करणाऱ्या एका कारागिराच्या घरी बेंजामिनचा जन्म झाला. सतरा भावंडांत हा पंधरावा. शाळा जेमतेम दोन वर्षांची. बाराव्या वर्षी वडिलांनी त्याला थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात उमेदवारीला लावले. खिळे जुळवावेत, कागद दाबावा, छापलेले अंक घरोघर पोहोचवावेत, असे ते काम. १७२१ मध्ये जेम्सने ‘न्यू इंग्लंड कुरंट’ हे वर्तमानपत्र काढले. सोळा वर्षांचा बेंजामिन एका विधवा बाईच्या नावाने लेख लिहून रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकवू लागला. लेख आवडले, छापलेही गेले. लेखक घरातलाच आहे, हे जेम्सला फार उशिरा कळले.

१७२२ साली ‘कुरंट’मधला एक मजकूर सरकारला झोंबला. समुद्री चाच्यांचा पाठलाग करण्यात अधिकारी दिरंगाई करतात, असा त्यात टोमणा होता. लेखक कोण, ते जेम्सने सांगितले नाही. त्याला महिनाभर तुरुंगात टाकले. धाकट्या बेंजामिनलाही बोलावून दरडावले. तोही बोलला नाही. उमेदवाराने मालकाचे गुपित राखायचेच असते असे समजून अधिकाऱ्यांनी बहुधा त्याला सोडले असावे, असा तर्क त्यांनी पुढे आत्मचरित्रात मांडला आहे. छापखान्यातला हा पहिला धडा होता.

पुढच्याच वर्षी भावाशी भांडून तो फिलाडेल्फियाला पळून गेला. त्यानंतरची कथा चढत्या भाजणीची आहे. स्वतःचा छापखाना, १७२९ पासून ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’, घराघरांत खपणारे पंचांग, विजेचे प्रयोग. १७५३ मध्ये ते वसाहतींच्या टपाल खात्याचे उपप्रमुख झाले. पुढे वसाहतींचे प्रतिनिधी म्हणून त्यांनी लंडनमध्ये अनेक वर्षे काढली. इंग्रज आणि अमेरिकन यांचे एकच घर टिकावे, असे त्यांना मनापासून वाटे.

१७७२ च्या अखेरीस त्यांच्या हाती पत्रांचा एक गठ्ठा आला. पत्रे चार-पाच वर्षांपूर्वीची होती. ती मॅसॅच्युसेट्सचे थॉमस हचिन्सन आणि अँड्र्यू ऑलिव्हर यांनी लंडनमधील थॉमस व्हेटली या राजकारणी गृहस्थांना लिहिली होती. व्हेटली नुकतेच वारले होते. हचिन्सन जन्माने बोस्टनकर आणि आता तेथले गव्हर्नर. वसाहतीतल्या लोकांना इंग्रजी स्वातंत्र्याचे सगळे हक्क देता येणार नाहीत, त्यांत काटछाट करावीच लागेल, असे या गृहस्थांनी लंडनला कळवले होते.

फ्रँकलिन यांनी पत्रे बोस्टनला विधिमंडळाच्या सभापतींकडे धाडली. ती मोजक्या माणसांना दाखवावीत, नक्कल करू नये, छापू नये, अशी अट घातली. विलायत सरकार मूळचे वाईट नाही, आपल्याच माणसांनी त्याचे कान भरले आहेत, हे कळले तर लोकांचा राग शमेल, असा त्यांचा हिशेब होता. तो पुरता चुकला. जून १७७३ मध्ये पत्रे बोस्टनमध्ये छापून बाहेर पडली आणि आगडोंब उसळला. हचिन्सन आणि ऑलिव्हर यांना काढून टाकावे, असा अर्ज विधिमंडळाने राजाकडे केला.

इकडे लंडनमध्ये एकच प्रश्न होता. पत्रे फोडली कोणी? मृत व्हेटलींचे भाऊ विल्यम यांना जॉन टेंपल या जकात अधिकाऱ्याचा संशय आला. वर्तमानपत्रांतून आरोप-प्रत्यारोप झाले. फ्रँकलिन गप्प होते. अखेर ११ डिसेंबर १७७३ रोजी हाइड पार्कमध्ये दोघांचे द्वंद्व झाले. विल्यम व्हेटली जखमी झाले. दुसरे द्वंद्व होणार, अशी कुणकुण लागली.

आता गप्प राहणे म्हणजे एखाद्याचा जीव जाऊ देणे. आणि बोलायचे, तर ज्याने विश्वासाने पत्रे दिली त्याचा घात करणे. फ्रँकलिन यांनी मधली वाट काढली. नाताळच्या दिवशी ‘लंडन क्रॉनिकल’मध्ये त्यांनी सहीनिशी जाहीर केले, की पत्रे मिळवून बोस्टनला पाठवणारा मी एकटा आहे, त्या दोघांचा यात काही संबंध नाही. पत्रे मला कोणी दिली, हे मात्र त्यांनी लिहिले नाही. दुसऱ्याचे नाव झाकण्यासाठी त्यांनी स्वतःचे नाव पुढे केले.

त्याची किंमत लगेच वसूल झाली. १६ डिसेंबरला बोस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या होत्या. चहा ईस्ट इंडिया कंपनीचा, म्हणजे जिने पुढे १८१८ मध्ये पेशवाई बुडवली त्याच कंपनीचा. ही बातमी जानेवारीत लंडनला पोहोचली आणि सगळा राग कॉकपिटमध्ये एका म्हाताऱ्यावर निघाला. विधिमंडळाचा अर्ज फेटाळला गेला. पाठोपाठ फ्रँकलिन यांची टपाल खात्यातली नोकरी गेली. विल्यम व्हेटलींनी त्यांच्यावर दावा लावला, पत्रे कोणाकडून आली ते वदवून घेण्याचा प्रयत्न केला. तेथेही नाव निघाले नाही.

या वागण्यात सगळेच चोख होते, असे म्हणता येत नाही. टपाल खात्याच्या बड्या अधिकाऱ्याने दुसऱ्याची खासगी पत्रे पुढे पाठवावीत का, हा वेडरबर्नचा प्रश्न अगदीच पोकळ नव्हता. फ्रँकलिन आधी बोलले असते, तर कदाचित पहिले द्वंद्व टळले असते. टेंपल यांचीही नोकरी गेली. गुपित राखणाऱ्याच्या मौनाची झळ शेजारच्यालाही लागते.

मार्च १७७५ मध्ये फ्रँकलिन अमेरिकेला परत निघाले, ते साम्राज्याशी नाते तोडूनच. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे. ६ फेब्रुवारी १७७८ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सबरोबरच्या तहावर सही करताना त्यांनी कॉकपिटमधला तोच मखमली पोशाख मुद्दाम घातला होता, असे सांगतात.

१७ एप्रिल १७९० रोजी ते वारले. सत्ता उलटली होती, शत्रू निष्प्रभ झाले होते, सांगून टाकायला आता कसलीच आडकाठी नव्हती. पण त्यांचे आत्मचरित्र या प्रकरणापर्यंत पोहोचतच नाही, आणि इतर कोठेही त्यांनी ते नाव लिहून ठेवले नाही. अभ्यासकांनी दोन-अडीच शतके तर्क लढवले. कोणी टेंपलचे नाव घेतो, कोणी आणखी कोणाचे. खात्री कोणालाच नाही.

सकाळच्या चहाबरोबर आपण खात्रीलायक सूत्रांकडून कळलेली बातमी वाचतो आणि पान उलटतो. त्या दोन शब्दांमागे कोणीतरी जिवावर उदार झालेला असतो आणि कोणीतरी त्याला शब्द दिलेला असतो. फ्रँकलिन यांनी मृत्युपत्रात स्वतःची ओळख देताना वकिलातीतल्या पदाच्या आधी आपला धंदा लिहिला आहे, मुद्रक. सोळाव्या वर्षी भावाच्या छापखान्यात शिकलेला धडा त्या मुद्रकाने चौऱ्याऐंशीव्या वर्षापर्यंत पाळला.