एडी माबो: वहिवाटीचा दावा

३ जून हा दिवस ऑस्ट्रेलियात माबो दिन म्हणून पाळतात. ज्यांच्या नावाने तो आहे, ते एडी कोइकी माबो काही वकील नव्हते. विद्यापीठाच्या बागेत माळीकाम करत होते.

१९३६ साली टॉरेस सामुद्रधुनीतील मेर बेटावर त्यांचा जन्म झाला. आई लवकरच वारली, तेव्हा मामा बेनी माबो यांनी बेटाच्या रीतीप्रमाणे त्यांना दत्तक घेतले. पुढे टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठात काम करताना हेन्री रेनॉल्ड्स आणि नोएल लूस या इतिहासकारांशी बोलताना त्यांना कळले, की मेरवरची वडिलोपार्जित जमीन कायद्याच्या लेखी सरकारची आहे. त्यांचा विश्वासच बसेना.

२० मे १९८२ रोजी आणखी चार बेटवासीयांसह त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टात, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयात, दावा लावला. दावा चालू असतानाच, १९८५ मध्ये, क्वीन्सलँड सरकारने बेटवासीयांचे हक्क पूर्वीच संपले आहेत असे सांगणारा कायदा केला. १९७५ च्या वंशभेदविरोधी कायद्यामुळे तो १९८८ मध्ये टिकला नाही. पण चार विरुद्ध तीन! एका मताने दावा वाचला.

इथे महाड आठवतेच. चवदार तळ्याच्या दाव्यात पूर्वापार वहिवाटीचा आधार सनातन्यांनी घेतला होता. ती सिद्ध झाली नाही, म्हणून १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हाय कोर्टात बाबासाहेबांचा पक्ष जिंकला. मेरवर मात्र वहिवाट हेच दुबळ्यांचे बळ होते, आणि ती शाबीत करण्याचे ओझेही त्यांच्याच डोक्यावर होते. बागांच्या हद्दी, वारसा, दत्तकविधान, सगळ्याची उलटतपासणी झाली. १९९० मध्ये न्या. मोयनिहान यांनी एडींचे दत्तकविधानच मान्य केले नाही. ज्या बापाकडून जमीन आली, त्याचा मुलगा म्हणून त्यांना नाकारले गेले. हा घाव मोठा होता, तरी त्यांनी लढा सोडला नाही.

२१ जानेवारी १९९२ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ३ जूनला सहा विरुद्ध एक मताने निकाल लागला: इंग्रज आले तेव्हा ही भूमी कोणाच्याच मालकीची नव्हती, हे गृहीतकच न्यायालयाने मोडले आणि मेरियम लोकांचा मेरवरील हक्क मान्य केला. संसदेने १९९३ मध्ये त्यावर कायदा केला. मात्र सरकारने आधीच पूर्ण मालकीने दिलेल्या जमिनींवरचे मूळनिवासींचे हक्क परत आले नाहीत.

१९९५ मध्ये टाउन्सव्हिलमधील त्यांच्या थडग्याची विटंबना झाली. मग कुटुंबीयांनी त्यांचे पार्थिव मेरला नेऊन तिथे दफन केले.