अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ

सिल्वासातल्या आपल्या मराठी घरांत मुलगा किंवा मुलगी बारावी झाली की पुढचा रस्ता बहुधा ठरलेला असतो. गणित बरे असेल तर इंजिनिअरिंग, नाहीतर कॉमर्स आणि जमले तर सी.ए. इथल्या कारखान्यांनी आपल्या दोन पिढ्यांना पोसले आहे, तेव्हा तसे होणे स्वाभाविकच. अर्थशास्त्र मात्र कोणी मागून घेत नाही. बी.ए.ला गेल्यावर जो विषय उरतो तो, अशीच त्याची ख्याती. आम्ही स्वतः पदविका घेऊन सरकारी नोकरीत आलो, अर्थशास्त्राच्या वर्गात कधी बसलो नाही. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट ध्यानात आली आहे. टेबलावर येणारा जवळजवळ प्रत्येक कागद, मग तो अनुदानाचा असो, कर्जाचा असो की पाणीपुरवठ्याचा, कोणीतरी केलेल्या मोजणीवर उभा असतो. ही मोजणी कशी करावी आणि तिच्यावरून कोणाच्या वाट्याला किती यावे, हे ज्यांनी या देशाला घालून दिले, त्यांत एक मोठे नाव मराठी आहे. ते म्हणजे प्रा. धनंजय रामचंद्र गाडगीळ.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला झाला. बालपण नागपूरला गेले. पुढे ते इंग्लंडला केंब्रिजमध्ये शिकायला गेले. त्या काळी विलायतेला जाणारा हुशार मुलगा आय.सी.एस. किंवा बॅरिस्टर होऊन परतणार, असेच घरचे धरून चालत. धनंजयरावांनी अर्थशास्त्र धरले आणि तिथे भारतातल्या उद्योगांच्या इतिहासावर प्रबंध लिहिला. तो १९२४ मध्ये 'इंडस्ट्रियल एव्होल्यूशन ऑफ इंडिया इन रिसेंट टाइम्स' या नावाने पुस्तकरूपात निघाला, तेव्हा लेखकाचे वय तेवीस. संस्थानांचे दरबार गेले, त्यांच्याबरोबर उंची मालाचे गिऱ्हाईक गेले, गिरणीचा माल आला आणि गावोगावचा कारागीर शेतीवर येऊन पडला, ही सगळी साखळी त्यात मांडलेली आहे. कॉलेजांतून हे पुस्तक पुढे अनेक वर्षे अभ्यासाला होते.

परत आल्यावर मुंबई सरकारच्या अर्थखात्यात त्यांना नोकरी मिळाली. सचिवालयातली जागा, तीही इंग्रजी अमदानीत. आम्ही सरकारी नोकर असल्यामुळे त्या जागेचे मोल चांगले जाणतो. धनंजयराव तिथे फार थोडा काळ राहिले आणि १९२५ मध्ये सुरतेच्या एम.टी.बी. कॉलेजचे प्राचार्य म्हणून गेले. सुरत म्हणजे आपल्या शेजारचे गाव. खरेदीला, दवाखान्याला, लग्नाच्या साड्या घ्यायला आपण तिथे जातो. आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे की तिथल्या जुन्या कॉलेजात जवळजवळ पाच वर्षे एक मराठी प्राचार्य होते आणि तेच पुढे देशाच्या नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले?

१९३० साली रावबहादूर रा. रा. काळे यांनी दिलेल्या देणगीतून पुण्यात भारत सेवक समाजाच्या आवारात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. नामदार गोखल्यांचे नाव असलेल्या या संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव. वय एकोणतीस. त्या खुर्चीवर ते १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे होते.

संस्थेने सुरुवातीला काय केले हे पाहण्यासारखे आहे. अर्थशास्त्र म्हटले की आपल्याला सोन्याचा भाव, शेअर बाजार, अंदाजपत्रक आठवते. धनंजयरावांनी माणसे पाठवली ती पुण्याच्या फळबाजारात. बागाईतदाराने पाठवलेली फळे गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडेपर्यंत वाटेत कोण किती काढून घेतो, दलाली किती, हमाली किती, याचा हिशेब मांडला आणि १९३३ मध्ये छापला. मग मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतल्या मोटारबस वाहतुकीची पाहणी झाली. वाई तालुक्यातल्या शेतकऱ्यांचा जमाखर्च झाला. पुणे शहरात घरोघर जाऊन कुटुंबात माणसे किती, कमावती किती, पोटापाण्याचा धंदा काय, हे टिपून घेतले गेले आणि त्याचे दोन खंड निघाले. आज सर्वेक्षण हा शब्द आपल्याला इतका सवयीचा झाला आहे की दारात फॉर्म घेऊन कोणी आले की आपण कंटाळतो. तेव्हा ही पद्धत आपल्या देशात नुकती रुजत होती. आमच्या मते धनंजयरावांचे सर्वांत टिकाऊ काम हेच. आधी जाऊन पाहायचे, मोजायचे, आणि मग बोलायचे.

गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या पाण्याने लोकांचे नेमके किती भले झाले, याचीही पाहणी संस्थेने केली. तिचा अहवाल १९४८ चा. नगर जिल्ह्याचा हा दुष्काळी पट्टा कालव्यांमुळे ऊस पिकवू लागला होता, पण साखर कारखाने खासगी होते. शेतकरी जमीन कारखान्याला खंडाने देई आणि पुष्कळदा त्याच जमिनीवर मजुरीला जाई. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांना हे सलत होते. विठ्ठलरावांचे शिक्षण जेमतेम गावच्या शाळेपुरते, तर धनंजयराव केंब्रिजचे. पण शेतकऱ्यांनी स्वतःच भागभांडवल गोळा करून कारखाना काढावा, या एका गोष्टीवर दोघांचे जमले. विठ्ठलराव गावोगाव फिरून भाग गोळा करत. त्याचा हिशेब, घटना, सरकारदरबारची आणि कर्जाची बोलणी यांत धनंजयराव होते. सहकारात एका सभासदाला एकच मत, मग त्याची पाच एकर असो की पन्नास. १९५० च्या अखेरीस प्रवरा कारखान्याचे बॉयलर पेटले आणि कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. आपल्याकडे गणदेवी, बारडोलीचे सहकारी साखर कारखाने आपण पाहतो, तो सहकाराचा नमुना शेतकऱ्याला जमू शकतो हे लोणीत सिद्ध झाले. पुढे साखर कारखान्यांतून राजकारण कसे शिरले ते वाचकांना सांगायला नको. त्याचा दोष त्या पहिल्या पिढीकडे जात नाही, असे आम्हाला वाटते.

शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न तर त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. १९४५ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने शेतकऱ्याचे जुने कर्ज आधी त्याच्या ऐपतीप्रमाणे खाली आणा आणि मग नवे द्या, असे सुचवले होते. चोवीस वर्षांनी त्यांच्याच अध्यक्षतेखाली एका अभ्यासगटाने बँकांकडे पाहिले, तेव्हा देशातल्या शंभरातल्या एका खेड्यातही व्यापारी बँक पोचलेली नव्हती. जुलै १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, पण मालक बदलला म्हणून शाखा जंगलात जाणार नव्हती. गटाने सुचवले की प्रदेश वाटून द्या, म्हणजे जबाबदारी टाळता येणार नाही. त्यातूनच त्याच वर्षी अग्रणी बँक योजना आली. आपल्या दादरा नगर हवेलीची अग्रणी बँक म्हणजे देना बँक होती. २०१९ मध्ये ती बँक ऑफ बडोदात विलीन झाली. खानवेल, मांदोणीकडच्या आदिवासी भावाने बँकेत खाते उघडले की त्या कागदामागे ही सगळी हकीकत असते.

१९६६ मध्ये ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, राज्यसभेवर नियुक्त झाले आणि १९६७ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीला गेले. वेळ वाईट होती. लागोपाठ दोन दुष्काळ पडून गेले होते, पंचवार्षिक योजना थांबली होती आणि अनेक राज्यांत नुकतीच वेगळ्या पक्षांची सरकारे आली होती. केंद्राचा पैसा कोणत्या राज्याला किती, हे तोवर प्रकल्पागणिक आणि बरेचसे वजनाप्रमाणे ठरे. धनंजयरावांनी सूत्र दिले. काही विशेष अडचणीच्या राज्यांचा वाटा आधी काढायचा. उरलेल्यातले ६० टक्के लोकसंख्येप्रमाणे, १० टक्के दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी असलेल्या राज्यांना, १० टक्के कर गोळा करण्याच्या प्रयत्नाला, १० टक्के चालू पाटबंधारे व वीज प्रकल्पांना आणि १० टक्के राज्याच्या खास अडचणींना. गरीब राज्यांसाठी दहाच टक्के का, अशी टीका तेव्हाही झाली आणि ती अगदीच चूक म्हणता येणार नाही. पण चौथ्या योजनेपासून कोणत्याही मुख्यमंत्र्याला आपला वाटा कागदावर करून पाहता येऊ लागला. आपला प्रदेश केंद्रशासित, आपला पैसा थेट केंद्राच्या अंदाजपत्रकातून येतो, म्हणून हे सूत्र आपल्याला लागू नव्हते. शेजारच्या महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांना मात्र होते.

१९७१ च्या निवडणुकीनंतर त्यांनी पद सोडले. ३ मे १९७१ रोजी दिल्लीहून परतताना रेल्वेच्या प्रवासातच त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र माधव गाडगीळ पर्यावरणशास्त्रज्ञ म्हणून आणि पश्चिम घाटाच्या अहवालामुळे पुढे सर्वांना माहीत झाले.

त्याच १९७१ साली गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचे भारतातल्या दारिद्र्यावरचे पुस्तक निघाले. किती खर्चाखाली माणसाला गरीब म्हणायचे, हा वाद देशभर पेटला तो तिथून. दांडेकर हे धनंजयरावांनंतरचे संचालक.

आता मुलांच्या प्रश्नाकडे. अर्थशास्त्रात एम.ए. केलेल्याला केंद्र लोकसेवा आयोगामार्फत भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा देता येते. ही सेवा १९६१ पासून आहे आणि आपल्या भागात तिचे नावही फार जणांनी ऐकलेले नसते. रिझर्व्ह बँक आणि नाबार्ड अर्थशास्त्राचे पदवीधर घेतात, बँका घेतात, पतमापन संस्था घेतात, वृत्तपत्रे घेतात. संख्याशास्त्र बरोबर असेल तर दारे आणखी उघडतात, म्हणून गणिताला घाबरणाऱ्याने हा विषय सोपा समजून घेऊ नये. आईवडिलांनी पगाराचा आकडा विचारावा, जरूर विचारावा, पण पहिल्या दोन वर्षांचा नव्हे. या विषयात पुढचे शिक्षण लांबते आणि तेवढा दम घरात असावा लागतो.

गोखले संस्था आज अभिमत विद्यापीठ आहे. तिथे बारावीनंतर अर्थशास्त्राची बी.एस्सी. करता येते, प्रवेश परीक्षा देऊन. संस्थेच्या ग्रंथालयाला धनंजयरावांचे नाव आहे. डेक्कन जिमखान्याच्या बाजूला पुण्यात कोणाकडे जाणे झाले तर मुलांना घेऊन एकदा तिथे चक्कर मारावी.